भाताच्या शेतात पाहायचे काय?

प्रश्न : भातशेतीच्या प्रदेशातून पायी आणि सायकलने सावकाश प्रवास करावा, ही माझी अनेक वर्षांची इच्छा अलीकडे पूर्ण झाली. सुरुवातीला मी हरखून गेलो होतो. पुढे मात्र सगळी शेते सारखीच दिसू लागली, मन घरच्या कामांकडे धावू लागले आणि हात पुनःपुन्हा मोबाइलकडे जाऊ लागला. कसलीही घाई नसताना मी मनाने तिथे नव्हतो, ही खंत राहिली आहे. पुन्हा जाणार आहे, काय करावे?

उत्तर : वेग कमी केला की मन आपोआप थाऱ्यावर येते, हा समज रूढ असला तरी अर्धाच खरा आहे. सावकाश चालल्याने पाहायला वेळ मिळतो. पण काय पाहायचे हे ठाऊक नसेल, तर तोच वेळ अंगावर येतो. नुसत्या हिरव्या रंगाकडे कोणीही फार काळ पाहू शकत नाही. म्हणून पिकाच्या आधी पाणी पाहा, असे मी सुचवीन. समोरच्या खाचरात पाणी कुठून शिरते, कुठून बाहेर पडते आणि पुढे कोणाच्या शेतात उतरते, एवढाच प्रश्न मनात घेऊन चालू लागा.

मग बांधात ठेवलेली वीतभर वाट दिसेल आणि पाणी अडवण्यासाठी तिच्या तोंडाशी दाबलेला चिखलाचा गोळाही दिसेल. खाचराचा एखादा कोपरा उंच राहून उघडा पडला असेल, तर तिथे तण माजलेले आढळेल, आणि भात पाण्यात का उभा ठेवतात याचे एक मोठे कारण तिथेच कळेल : बुडालेल्या मातीत बहुतेक तणांना रुजता येत नाही. भाताला ते साधते, कारण त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून प्राणवायू खाली पोचतो. कडेला थोडा वेळ स्वस्थ उभे राहिलात, तर चिखलातून मधूनच बुडबुडे वर येताना दिसतील. हवा न पोचणाऱ्या त्या मातीत सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करत असतात. हे पाहायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ मन दुसरीकडे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

पाण्याचा माग काढत गेले की माणसांपर्यंत पोचता येते. चीनच्या युनान प्रांतातील होंगहे हानी परिसरात माथ्यावर जंगल, त्याखाली गावे आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची शेते अशी रचना आहे. जंगलातले पाणी गावांतून शेतांत उतरते. बाली बेटावर हे वाटप ‘सुबक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या संघटना पाहतात. सुबकची ही व्यवस्था २०१२ मध्ये आणि होंगहे हानीची शेते २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. अशा उतारावर वरच्याने पाणी सोडले नाही, तर खालच्याची लावणी अडते. हे लक्षात आल्यावर समोरचा डोंगर निव्वळ देखावा राहत नाही. तिथल्या प्रत्येक पायरीमागे कोणाचा तरी शब्द आणि कोणाची तरी वाट पाहणे असते.

हिरवा रंगही मग एकच राहत नाही. नुकतीच लावलेली रोपे काही दिवस पिवळट, मलूल दिसतात. मुळे धरली की गडद होतात. पोटरीत आलेल्या, म्हणजे लोंबी अजून आतच दडलेली असलेल्या भाताचे खोड वरच्या बाजूला फुगलेले असते. निसवल्यानंतरचे, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यानंतरचे, थोडेच दिवस फुलोऱ्याचे असतात आणि त्या दिवसांत सकाळी ऊन चढल्यावर जरूर थांबा. प्रत्येक फूल साधारण तासाभरापुरतेच उघडते, दोन तुसांच्या फटीतून फिकट पुंकेसर बाहेर लोंबतात आणि तुसे पुन्हा मिटतात. पाकळ्या नाहीत, डोळ्यात भरेल असा रंग नाही. सायकलवरून जाणाऱ्याला ते दिसणे अशक्यच आहे. त्यासाठी उतरावे लागते, वाकावे लागते.

मोबाइल बंद ठेवा, असे मी सांगणार नाही. दिवसातून एकदा वही काढून, पाहिलेल्या एका खाचराचे पाणी कसे फिरते, याची रेघोट्यांनी आकृती काढा. न पाहिलेले काय होते, ते कागदावर लगेच उघडे पडते.

प्रश्न : शेतात राबणाऱ्या माणसांकडे असे थांबून पाहत राहणे मला अवघड वाटते. त्यांच्या कामात आपण उगाच लुडबुड करत नाही ना?

उत्तर : तुमचा संकोच योग्य आहे आणि तो सोडू नये. लावणीच्या वेळी कंबरेत वाकलेल्या माणसाला हाक मारून सरळ उभे करू नका. ती ओळ संपवून तो स्वतः उभा राहील, तेव्हा बोला. छायाचित्र विचारूनच काढा. बांध हा रस्ता आहे असे धरून चालू नका. ताज्या चिखलाने लिंपलेला बांध पायाखाली खचला, तर पाणी झिरपू लागते आणि ते काम शेतकऱ्याला पुन्हा करावे लागते. कापणी झालेले शेत मोकळे दिसले, तरी परवानगीशिवाय त्यात शिरू नका. काही भागांत भात उभा असतानाच ओल्या जमिनीत कडधान्याचे बी फेकतात, त्यामुळे धसकटांच्या मधोमध पुढचे पीक उगवून आलेले असू शकते.