इग्वासू, इग्वाझू की इग्वाकू? आणि धबधबा की धबधबे?

अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवरील प्रसिद्ध धबधब्याविषयी एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. मराठीत त्याचे नाव इग्वाझू, इग्वासू, इगुआसू आणि क्वचित इग्वाकू असेही लिहिलेले दिसते. यांपैकी कोणते रूप स्वीकारावे? त्याला ‘धबधबा’ म्हणावे की ‘धबधबे’? आणि तेथील सर्वांत प्रचंड भागाच्या नावाचे ‘सैतानाचा घसा’ हे भाषांतर योग्य आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे आणि दुसऱ्याचे तिथल्या खडकात. तिसऱ्यासाठी मात्र स्पॅनिश आणि मराठी या दोन्ही भाषांकडे पाहावे लागते.

नाव मूळचे ना स्पॅनिश, ना पोर्तुगीज. ते ग्वारानी भाषेतले आहे. ही भाषा आजही लाखो लोक बोलतात आणि पाराग्वायमध्ये १९९२च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिलेला आहे. नावाचे दोन घटक आहेत. पहिला म्हणजे पाणी किंवा नदी या अर्थाचा एकाच स्वराचा शब्द. तो स्वर आपल्या ‘इ’सारखाही नाही आणि ‘उ’सारखाही नाही, ओठ गोल न करता, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून तो उच्चारला जातो. मराठी वर्णमालेत त्याला अक्षर नाही, त्यामुळे स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषकांनी जसे केले तसे आपणही ‘इ’वर भागवावे, हेच बरे. दुसरा घटक ‘ग्वासू’, म्हणजे मोठा. तेव्हा नावाचा अर्थ ‘मोठे पाणी’ किंवा ‘थोरली नदी’. हा ‘ग्वासू’ दक्षिण अमेरिकेच्या त्या भागात अनेक स्थळनामांत भेटतो. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात मोजी ग्वासू आणि मोजी मिरिम अशी दोन शेजारची शहरे आहेत, त्यांतील ‘मिरिम’ म्हणजे लहान; आपल्याकडे एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द लावून वेगळे ओळखतात, तसाच हा प्रकार आहे.

आता या नावात ‘झ’ आणि ‘क’ कोठून शिरले ते पाहू. ग्वारानी भाषा रोमन लिपीत प्रथम पद्धतशीरपणे लिहिली ती सतराव्या शतकातील मिशनऱ्यांनी, आणि त्यांत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा वाटा मोठा होता. या जेझुइटांनी पाराना व उरुग्वाय नद्यांच्या खोऱ्यांत वसाहती उभारल्या होत्या. अर्जेंटिनाच्या ज्या प्रांतात हे धबधबे आहेत, त्याचे ‘मिसियोनेस’ हे नाव त्या मिशनांवरूनच पडले. अंतोनिओ रुइस दे मोंतोया या जेझुइटाचे ग्वारानी व्याकरण व शब्दकोश १६४० साली माद्रिद येथे छापून प्रसिद्ध झाले. (मराठी वाचकाला हे वर्ष ओळखीचे वाटावे: याच संघाच्या थॉमस स्टीफन्सने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच १६४० साली, त्याच्या मृत्यूनंतर, गोव्यात राचोल येथे छापले गेले.) त्या काळी ‘स’च्या जवळचा ध्वनी दाखवण्यासाठी स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत ‘सी’ हे रोमन अक्षर खाली छोटी शेपटी जोडून लिहीत असत. अठराव्या शतकात स्पॅनिशने लेखनसुधारणा करताना ते शेपटीचे अक्षर टाकून दिले आणि त्याच्या जागी ‘झेड’ घेतले. पोर्तुगीजने मात्र ते आजतागायत राखले आहे. म्हणून एकाच नदीच्या दक्षिण काठावर नावात ‘झेड’ दिसतो आणि उत्तर काठावर शेपटीचा ‘सी’. जुन्या ब्राझिली छपाईत दोन ‘एस’ वापरून केलेले तिसरे लेखनही सापडते.

लेखन तीन प्रकारचे असले तरी उच्चार एकच आहे. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये ‘झेड’चा उच्चार ‘स’ होतो, पोर्तुगीजमध्ये शेपटीच्या ‘सी’चा उच्चारही ‘स’च होतो, आणि मूळ ग्वारानीतही ‘स’च आहे. माद्रिदचा मनुष्य आपल्या सवयीने ‘इग्वाथू’च्या जवळपास काहीतरी म्हणेल, पण त्या नदीकाठी तसे कोणी म्हणत नाही. आपला ‘झ’ हा स्पॅनिश लेखन इंग्रजी डोळ्यांनी वाचल्यामुळे आला, आणि ‘इग्वाकू’तला ‘क’ आला तो पोर्तुगीज अक्षराची शेपटी छपाईत किंवा नजरेत गळून पडल्यामुळे. ‘इगुआसू’ हे रूप मात्र चुकीचे म्हणता येणार नाही. तो लेखनभेद आहे, इतकेच. तरीही ‘ग’ आणि ‘वा’ एकत्र उच्चारले जातात, हे दाखवणारे ‘इग्वासू’ हे रूप मला अधिक नेमके वाटते. शेवटचा ‘सू’ दीर्घच लिहावा. मराठी शुद्धलेखनाचा अन्त्य उकाराचा नियम तसे सांगतो, आणि मूळ उच्चारातही आघात त्याच अक्षरावर आहे.

काही चोखंदळ लोक असा आक्षेप घेतील की नावातच ‘नदी’ असल्याने ‘इग्वासू नदी’ ही द्विरुक्ती होते. पण ‘सिंधू’ या शब्दाचा अर्थही नदी असाच आहे आणि ‘सिंधू नदी’ म्हणताना कोणी अडखळत नाही. विशेषनाम झाले की शब्दाचा मूळ अर्थ मागे पडतो, तेव्हा ‘इग्वासू नदी’ खुशाल लिहावे.

हे नाव टिकले, याचे थोडे आश्चर्य वाटायला हवे. हे धबधबे पाहणारा पहिला युरोपीय म्हणून ज्याची नोंद आहे, तो स्पॅनिश अधिकारी आल्वार नुन्येस काबेसा दे वाका १५४१-४२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पायी असुन्सिऑनकडे (आजच्या पाराग्वायच्या राजधानीकडे) निघाला होता, आणि वाटेत ग्वारानी लोकांच्या मदतीने या ठिकाणी पोहोचला. त्याने धबधब्याला सांता मारियाचे नाव दिले, पण ते कागदावरच राहिले. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील धबधब्याला लिव्हिंगस्टनने १८५५ साली राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले, ‘मोसी-ओआ-तुन्या’ हे स्थानिक नाव मागे पडले. इग्वासूच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

सीमेच्या इतिहासातही एका नावाने मोठी गुंतागुंत केलेली आहे. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातील अठराव्या शतकातील तहांत सीमा ‘पेपिरी’ आणि ‘सान अंतोनिओ’ या नद्यांवरून जाते असे लिहिले होते. मात्र प्रत्यक्ष जमिनीवर ही नावे कोणत्या नद्यांना लावायची, याबद्दल पुढे ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे एकमत होईना. अर्जेंटिना पूर्वेकडच्या नद्या दाखवी आणि ब्राझील पश्चिमेकडच्या, आणि मधल्या सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचा मालक कोण, हे त्या उत्तरावर ठरणार होते. अखेर हा वाद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या लवादाकडे गेला. ब्राझीलचे मुत्सद्दी बॅरन ऑफ रिओ ब्रांको यांनी जुने नकाशे व दस्तऐवज मांडून ब्राझीलची बाजू लढवली, आणि १८९५च्या फेब्रुवारीत निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. जी नदी पेपिरी ठरली, तिचे आजचे नाव पेपिरी-ग्वासू आहे. म्हणजे हा ‘ग्वासू’ तेथेही आहेच. सान अंतोनिओ जिथे इग्वासूला मिळते, तिथपासून पुढे पारानाच्या संगमापर्यंत इग्वासू हीच दोन देशांची सीमा आहे, आणि धबधबे याच टप्प्यात, संगमाच्या सुमारे २३ किलोमीटर अलीकडे आहेत. संगमावर पलीकडच्या काठाला पाराग्वाय लागतो, त्यामुळे तिथे तीन देश समोरासमोर येतात.

आता वचनाचा प्रश्न. स्पॅनिशमध्ये ‘कातारातास’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘कातारातास’च, म्हणजे दोन्हीकडे अनेकवचन आहे, म्हणून मराठीतही ‘धबधबे’ लिहावे, असा युक्तिवाद केला जातो. तो फारसा टिकत नाही, कारण स्पॅनिश भाषक नायगारा आणि व्हिक्टोरिया यांनाही अनेकवचनातच ‘कातारातास’ म्हणतात, आणि इंग्रजीतही ‘फॉल्स’ हे रूप अनेकवचनीच आहे. ती त्या भाषांची रूढी झाली. मराठीने नायगाऱ्याला आणि गिरसप्प्याला एकवचनातच ‘धबधबा’ म्हटले, आणि गिरसप्प्याला शरावतीच्या चार धारांना राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी वेगवेगळी नावे असूनही आपले एकवचन ढळले नाही. (जाता जाता: एकवचनी ‘कातारात’ असा शब्द स्पॅनिशमध्ये नसून तो ‘काताराता’ आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ मोतीबिंदू असा होतो.)

म्हणून परभाषेचे वचन बाजूला ठेवून त्या जागेकडेच पाहावे. इग्वासू नदी ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरात, कुरितिबा शहराजवळ उगम पावते, आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पश्चिमेकडे सुमारे १,३०० किलोमीटर वाहत जाते. महाबळेश्वरला उगम पावून पूर्वेला जाणाऱ्या कृष्णेची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य खडकापर्यंत जाते. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच तिथला प्रदेशही लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेल्या बेसॉल्टचा आहे. वय मात्र दुप्पट: दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर पारानाच्या खोऱ्यातला सुमारे १३ कोटी वर्षांहून जुना. धबधब्याच्या जागी या थरांच्या दोन मोठ्या पायऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पाणी एका उडीत खाली न जाता मधल्या टप्प्यावर आपटून पुन्हा पडते. कड्याच्या अलीकडे नदी मोठे वळण घेऊन पसरते आणि खडकाळ बेटांमध्ये विभागली जाते. कड्याची एकूण लांबी सुमारे २.७ किलोमीटर आहे, पण तिच्या बऱ्याच भागावर पाणी पडतच नाही. तिथे बेटे आहेत आणि त्यांवर झाडी आहे. पाण्याच्या या वेगवेगळ्या धारा मोजल्या तर त्या साधारणपणे २७५ भरतात, पण हा आकडा पाणी किती आहे त्यावर अवलंबून असतो. पूर आला की शेजारच्या धारा एकमेकींत मिसळून संख्या घटते. उलट १९७८ सालच्या दुष्काळात तर कडा जवळजवळ कोरडा पडला होता.

व्हिक्टोरिया धबधब्याची तुलना येथे उपयोगी पडते. झांबेझीचे पाणी भरल्या नदीत सुमारे १.७ किलोमीटर रुंदीच्या एकाच चादरीसारखे पडते, तेव्हा त्याला एकवचन शोभते. इग्वासूच्या धारांना मात्र स्वतंत्र नावे आहेत, त्या स्वतंत्रपणे पाहिल्या जातात, आणि स्थानिक स्पॅनिशमध्ये त्यांतील प्रत्येकीला ‘साल्तो’, म्हणजे उडी, म्हणतात: साल्तो सान मार्तिन, साल्तो बोसेत्ती, साल्तो दोस एर्मानास, म्हणजे दोघी बहिणी. या सर्वांच्या समूहाला ‘कातारातास’. म्हणून माझे मत असे की ‘इग्वासूचे धबधबे’ हे अनेकवचन इथे वस्तुस्थितीला धरून आहे, आणि एखाद्या धारेविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘सान मार्तिन धबधबा’ असे एकवचन वापरावे. औपचारिक लेखनात समूहासाठी ‘प्रपातमाला’ हा शब्दही चालेल. शीर्षकात किंवा नकाशावर जागा कमी असेल तर ‘इग्वासू धबधबा’ लिहिण्याला हरकत नाही, कारण तिथे तो स्थळनामाचा भाग असतो, वर्णनाचा नव्हे.

पाराना नदीवर, ब्राझील आणि पाराग्वाय यांच्या सीमेवर, असाच आणखी एक धबधब्यांचा समूह होता. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘सेते केदास’, म्हणजे सात प्रपात, म्हणत, आणि प्रत्यक्षात धारा सातांहून अधिक असल्या तरी त्यांचे सात गट मानले जात. तेथील सीमेवरूनही वाद होता. १९६६ साली दोन्ही देशांनी इग्वासूच्या नावाने ओळखला जाणारा करार करून संयुक्त जलविद्युत प्रकल्पाचा मार्ग निवडला, आणि १९८२च्या ऑक्टोबरमध्ये इताइपू धरणाचा जलाशय भरला तेव्हा हे सातही गट पाण्याखाली गेले. इग्वासूचे धबधबे दोन्ही बाजूंनी राष्ट्रीय उद्यानांत आहेत. अर्जेंटिनाचे उद्यान १९३४चे, ब्राझीलचे १९३९चे, आणि युनेस्कोच्या यादीतही ती अनुक्रमे १९८४ आणि १९८६ साली स्वतंत्रपणे दाखल झाली. धबधब्यांचा मोठा भाग अर्जेंटिनाच्या हद्दीत असल्याने, समोरून एकत्रित देखावा मात्र ब्राझीलमधूनच अधिक चांगला दिसतो.

उरला ‘सैतानाचा घसा’. मूळ नाव स्पॅनिशमध्ये ‘गार्गांता देल दियाब्लो’, आणि पोर्तुगीजमध्ये ‘गार्गांता दो दियाबो’. ही सुमारे ८० मीटर खोल, १५० मीटर रुंद आणि ७०० मीटर लांब अशी नालाच्या आकाराची चीर आहे. नदीचे जवळजवळ अर्धे पाणी एकट्या या जागी पडते, आणि दोन्ही देशांची सीमाही इथूनच जाते. ‘गार्गांता’चा पहिला अर्थ घसा हा खराच, पण स्पॅनिश भूगोलात हाच शब्द अरुंद दरीसाठीही नित्याचा आहे, त्यामुळे ते नाव ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन्ही अर्थ जाणवतात. मराठीतल्या ‘घसा’ या शब्दाला तो दुसरा अर्थ नाही. म्हणून ‘सैतानाचा घसा’ वाचताना मनापुढे केवळ शरीराचा अवयव उभा राहतो, जागा उभी राहत नाही. सह्याद्रीत अशा अरुंद, खोल जागेला ‘घळ’ म्हणतात, तेव्हा ‘सैतानाची घळ’ हे भाषांतर मला अधिक पसंत आहे. ‘राक्षसाची घळ’ असेही कोणी सुचवील, पण दियाब्लो ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना असल्याने तेथे ‘सैतान’ हाच शब्द योग्य आहे. नदीच्या ब्राझीलकडील काठावरच्या ‘फोस दो इग्वासू’ (इग्वासूचे मुख) आणि अर्जेंटिनाकडील ‘पुएर्तो इग्वासू’ (इग्वासू बंदर) या शहरांची नावे मात्र भाषांतरित करू नयेत, कारण तिकिटावर आणि पत्त्यावर ती मूळ रूपातच लागतात.