मैदान आधी, देश नंतर

प्रश्न : सर, 2023 च्या मर्डेका कप फुटबॉल स्पर्धेत भारत मलेशियाकडून 2-4 हरला, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एक वाद पेटलाय. तो सामना ऐतिहासिक मर्डेका स्टेडियमवर झाला का? आणि एका मैदानाचं एवढं काय कौतुक? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या भागाचा निकाल आधी लावतो. तो सामना क्वालालंपूरलाच झाला, पण बुकित जलीलच्या मोठ्या स्टेडियमवर. जुनं मर्डेका स्टेडियम त्याच शहरात आहे, आता मोठे सामने तिथं होत नाहीत.

कौतुकाचं म्हणाल तर तारखा बघा. स्टेडियमचं उद्घाटन 30 ऑगस्ट 1957 ला आणि मलाया (मलेशियाचं तेव्हाचं रूप) स्वतंत्र झाला 31 ऑगस्टला. मैदान देशापेक्षा एक दिवसानं थोरलं! स्वातंत्र्याची घोषणा करायलाच ते बांधलं होतं. पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी तिथं हात उंचावून सात वेळा ‘मर्डेका’, म्हणजे स्वातंत्र्य, अशी आरोळी ठोकली आणि वीस हजार लोकांनी ती उचलून धरली. हा गडी फुटबॉलवेडाही होता. पंतप्रधान असतानाच आशियाई फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष! त्यामुळं 1957 लाच मर्डेका स्पर्धा सुरू झाली यात नवल नाही. आपण 1959 आणि 1964 ला तिथं उपविजेते होतो, हेही कट्ट्यावर सांगा.

पण मला विचाराल तर त्या मैदानाचं खरं काम पुढं सत्तरच्या दशकात झालं. मलय, चिनी, तमिळ, पंजाबी अशी तिथली वस्ती. 1969 ला क्वालालंपुरात भीषण वांशिक दंगल झालेली. त्यानंतरचा मलेशियाचा संघ बघा, चारही समाजांचा : गोलात आरुमुगम, बचावात सो चिन आउन आणि संतोख सिंग, पुढं मोख्तार दहारी. गोल झाला की अख्खी गॅलरी एकदम उठायची. 1980 च्या एप्रिलमध्ये याच मैदानात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून त्यांनी मॉस्को ऑलिंपिकचं तिकीट काढलं. मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या म्हणून मलेशियानं बहिष्कार घातला आणि पोरं घरीच राहिली. त्या संघाची हळहळ मला अजून वाटते.

एका सामन्यानं दंगलीच्या जखमा भरत नाहीत, एवढा भाबडा मी नाही. पण आपल्या शाहू स्टेडियमवर तालमीतालमींच्या फुटबॉल संघांचे समर्थक आपापल्या कोपऱ्यात हलगी कडाडवत एकमेकांना डिवचतात, आणि 2017 ला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला तेव्हा तो कुठल्या तालमीचा, हे कुणी काढलं नाही. हे ज्यानं पाहिलंय त्याला क्वालालंपूर समजावून सांगावं लागत नाही.

(कुस्तीवाल्यांसाठी जाता जाता : 1975 ला मुहम्मद अलीनं मुष्टियुद्धात जो बगनरला हरवलं ते मर्डेका स्टेडियमवरच. आपलं खासबागचं कुस्ती मैदान तसं 1912 चं, वयानं बरंच मोठं.)

बुकित जलीलचं मोठं स्टेडियम झाल्यावर जुनं पाडून तिथं टोलेजंग इमारती उठवता आल्या असत्या. जागा शहराच्या मध्यात, सोन्याच्या भावाची. शेजारी आता 118 मजली मनोरा उभाही राहिलाय. पण स्टेडियम राखलं. नंतर वाढवलेल्या गॅलऱ्या काढून 1957 चं मूळ रूप परत आणलं आणि 2008 ला त्या कामाला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. बसायच्या जागा मुद्दाम कमी करणारं दुसरं स्टेडियम माझ्या तरी ऐकण्यात नाही.