वडिलांचे आयआरए खाते आणि दहा वर्षांची मुदत

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. माझे वडील २०२३ मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी वारले. त्यांच्या पारंपरिक आयआरए (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचतीच्या) खात्यावर लाभार्थी म्हणून माझे एकटीचेच नाव आहे. २०२४ मध्ये मला ५० वर्षे पूर्ण झाली. ‘वारशाच्या पैशांवर कर नसतो, दहा वर्षांत केव्हाही काढा,’ असे एका परिचितांनी सांगितल्याने मी अजून काहीच काढलेले नाही. आता २०२५ साठी दंड होईल असे कळते. मी काय करावे?

उत्तर : आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. परिचितांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि नुकसान होते ते उरलेल्या अर्ध्यामुळे. घर किंवा शेअर वारशाने मिळाले, तर त्यांची किंमत करासाठी साधारणपणे मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते. पारंपरिक आयआरएला ही सवलत नाही. वडिलांनी ज्या रकमेवर कर भरलेला नव्हता, ती आपण काढाल त्या वर्षी आपले सामान्य उत्पन्न ठरते. मात्र आपले वय साडेएकोणसाठपेक्षा कमी असले, तरी मुदतपूर्व काढणीचा १० टक्के अधिभार वारसाला लागत नाही.

२०२० पासून लागू झालेल्या सिक्युअर कायद्यानुसार आपल्याला खाते ३१ डिसेंबर २०३३ पर्यंत रिकामे करावे लागेल. परंतु वडिलांची अनिवार्य वार्षिक काढणी (ठरावीक वयानंतर दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम) त्यांच्या हयातीतच सुरू झालेली असल्याने मधल्या प्रत्येक वर्षीही किमान रक्कम काढणे बंधनकारक आहे. या मुद्द्यावर बराच काळ संभ्रम होता, म्हणून आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) २०२४ पर्यंतच्या चुकलेल्या काढण्यांचा दंड माफ केला. २०२५ साठी तशी माफी नाही. किमान रक्कम काढण्यासाठी आधीच्या वर्षअखेरच्या शिल्लकेला वयानुसार ठरलेल्या भाजकाने भागतात; आपला २०२५ चा भाजक ३५.२ येतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ रोजी खात्यात ३,५२,००० डॉलर असतील, तर २०२५ मध्ये किमान १०,००० डॉलर काढायला हवे होते.

चुकलेल्या रकमेवर दंड २५ टक्के आहे. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे आपल्या बाबतीत २०२७ अखेरपर्यंत, चूक दुरुस्त केल्यास तो १० टक्क्यांवर येतो. तरीही तेवढे थांबू नका. राहिलेली रक्कम लगेच काढा आणि अर्ज क्रमांक ५३२९ सोबत, चुकीच्या माहितीमुळे काढणी राहिली व समजताच ती पूर्ण केली, असे कारण लिहून संपूर्ण माफी मागा. कारण वाजवी वाटल्यास ती देण्याचा अधिकार आयआरएसला आहे. मृत्यूच्या वर्षाची वडिलांची स्वतःची काढणी पूर्ण झाली होती का, हेही खाते असलेल्या संस्थेकडून लेखी विचारून घ्या.

एका बाबतीत मात्र फार जपा. खाते दुसऱ्या संस्थेत न्यायचे झाल्यास रक्कम संस्थेकडून संस्थेकडे थेट गेली पाहिजे, आणि खात्याच्या शीर्षकात वडिलांचे नाव व लाभार्थी म्हणून आपले नाव राहिले पाहिजे. जोडीदाराला हे खाते स्वतःच्या नावावर करून घेता येते, मुलीला नाही. धनादेश एकदा आपल्या हाती आला, की ती रक्कम खात्यात परत भरता येत नाही आणि तिच्यावर त्याच वर्षी कर लागतो.

किमान रक्कम म्हणजे योग्य रक्कम नव्हे. केवळ किमान काढत राहिलात, तर २०३३ मध्ये बहुतेक सगळी शिल्लक पगाराच्या उत्पन्नावर एकदम चढेल आणि तिचा बराचसा भाग वरच्या करटप्प्यात जाईल. २०२६ ते २०३३ ही आठ करवर्षे आपल्या हाती आहेत. उत्पन्न कमी असेल त्या वर्षी जास्त काढावे, आणि राज्याचा आयकर किती बसेल हे प्रत्येक काढणीआधी करसल्लागाराकडून तपासून घ्यावे.