हिपोथेक फिटलं, पण कादास्टरमध्ये अजून दिसतंय. काढून टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्समधल्या घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला, बँकेचं कर्ज संपल्याचं पत्र आलं, आणि तरी कादास्टरचा, म्हणजे इथल्या जमीन-मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा, उतारा काढला तर घरावर हिपोथेक, म्हणजे कर्जासाठी दिलेलं घराचं तारण, तसंच, तेही घेतलेल्या कर्जापेक्षा मोठ्या रकमेचं, आणि बँक म्हणते नोटारिसकडे, म्हणजे मालमत्तेचे दस्त करणाऱ्या कायदेतज्ज्ञाकडे, जा, पैसे तुमचे तुम्ही भरा. घाबरू नका, यात कोणी काही लपवलेलं नाही, इथली पद्धतच अशी आहे.

आपल्याकडे कसं, कर्ज फिटलं की बँकेकडून मूळ कागदपत्रं परत घ्यायची, नो ड्यूज घ्यायचं, सातबाऱ्यावर बोजा असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून तो कमी करून घ्यायचा. शिवाय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून नियमच केलाय की कागद ३० दिवसांत द्या, नाहीतर बँकेमुळे झालेल्या उशिराचे दिवसाला ५००० रुपये द्या. नेदरलँड्समध्ये बँकेकडे तुमचे मूळ कागद मुळात नसतातच. मूळ दस्त नोटारिसच्या दफ्तरात असतो, तुम्हाला नक्कल मिळते आणि मालकी काय, बोजा काय, सगळं कादास्टरच्या सार्वजनिक नोंदीत. त्यामुळे "कागद परत मिळाले" असा क्षण इथे येतच नाही, आणि नोंद कोणीतरी उठून काढल्याशिवाय ती आपोआप जात नाही.

आता रकमेचं. नोंदीत कर्जाच्या आकड्यावर व्याज आणि खर्चासाठी आणखी रक्कम धरतात, बऱ्याचदा ३५ ते ५० टक्के. म्हणून दोन लाखांचं कर्ज तिथे तीन लाखांपर्यंतही दिसू शकतं. ती कमाल मर्यादा आहे, तुमची थकबाकी नव्हे, आणि दरमहा हप्ते भरले म्हणून तो आकडा खालीही येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. हिपोथेक फक्त त्या एका कर्जासाठी असेल तर कर्ज फिटलं की कायद्याने तो हक्क संपतो, उरते ती नुसती नोंद. पण बँका बऱ्याचदा बँकहिपोथेक घेतात, म्हणजे त्या बँकेचं तुमच्याकडे जे काही येणं आहे किंवा पुढे होईल त्या सगळ्याला ते घर तारण. तसं असेल तर घराचं कर्ज शून्य झालं तरी हक्क जिवंत राहतो, बँकेने तो सोडून द्यावा लागतो, आणि त्याच बँकेत तुमचं ओव्हरड्राफ्ट वगैरे असेल तर तेही त्याच तारणात बसू शकतं. दस्त काढून वाचा, डचमध्ये असला तरी वाचा.

काढायची पद्धत सोपी आहे. तुम्ही कुठल्याही नोटारिसला सांगता की रॉयेमेंट, म्हणजे हिपोथेकची नोंद रद्द, करायचंय, तो बँकेकडून संमती आणि मुखत्यारपत्र मागवतो, दस्त करतो आणि कादास्टरला पाठवतो. तुम्हाला सहसा जावंही लागत नाही. खर्च मालकाचा, हे कायद्यातच आहे, त्यामुळे त्यावर बँकेशी भांडून उपयोग नाही. पण नोटारिसची फी सरकार ठरवत नाही, १९९९ च्या कायद्याने ती मोकळी केली, म्हणून दोन-चार ठिकाणी कोट मागा, फरक चांगलाच असतो. आकडा २१ टक्के व्हॅट आणि कादास्टरची फी धरून आहे का ते आधी विचारा. आणि नोंदी दोन असतील, म्हणजे मधे घर वाढवायला वगैरे दुसरं हिपोथेक केलं असेल, तर दोन्ही सांगा. नोंदीत पोस्टबँक किंवा फोर्टिस असं जुनं नाव दिसलं तरी गोंधळू नका, पोस्टबँक २००९ मध्ये आयएनजीत गेली आणि फोर्टिसची डच बँक २०१० मध्ये एबीएन आम्रोत, नोटारिसला हे रोजचं आहे.

आता मूळ प्रश्न, करावं का? माझं मत, त्याच घरात राहणार असाल आणि बँक मोठी असेल तर घाई नको. घर विकाल तेव्हा विक्रीचा नोटारिस हे करतोच, खर्च तेव्हाही विकणाऱ्याचाच. शिवाय बँकहिपोथेक असेल आणि ते तसंच ठेवलं तर पुढेमागे त्याच बँकेकडून छप्पर, हीट पंप असल्या कामाला नोंदीच्या मर्यादेत पुन्हा कर्ज घेता येऊ शकतं, नवीन हिपोथेकचा दस्त न करता. उत्पन्नाची तपासणी मात्र पुन्हा होणारच.

पण पैसे आईवडिलांकडून किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घेतले असतील आणि त्यांच्या नावाने हिपोथेक असेल तर आजच करा, खरंच आजच. तिथे बँकेचं ऑफिस नाही, त्या माणसालाच संमती द्यावी लागते, आणि तो गेला तर त्याचे वारस शोधा, एक पुण्यात, एक टेक्सासमध्ये, सगळ्यांच्या सह्या गोळा करा, एखादा रुसलेला असला की बसलात. तसंच कायमचं भारतात परत जायचा विचार असेल तरी इथे असतानाच हातावेगळं केलेलं बरं, अडचण म्हणून नाही, एक विषय कमी म्हणून.

याच पत्रव्यवहारात अजून एक काम उरकून घ्या. मृत्यूनंतर कर्ज फेडणारी टर्म पॉलिसी बँकेकडे गहाण असेल तर ती मोकळी केल्याचं लेखी घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर लाभार्थी म्हणून बँकेचंच नाव राहतं. रॉयेमेंट झाल्यावर काही दिवसांनी कादास्टरच्या साइटवरून हिपोथेकची माहिती परत काढा, काही युरो लागतात, आणि तुमच्या पत्त्यासमोर काहीच उरलं नाही ना ते बघून ती पीडीएफ जपून ठेवा.