सीटीत ‘आतड्याची भिंत जाड’ आलं आणि बायोप्सीत काहीच नाही, तर?

ताई, तुम्ही विचारलंत: बाबांच्या पोटात उजवीकडे खाली गाठ लागते, वजन उतरलंय, सीटीत ‘सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची) भिंत जाड, कॅन्सर किंवा कॉक्स’ आणि बायोप्सीत ‘साधी सूज, कॅन्सर दिसत नाही’. घरात निम्मे म्हणतात मिरजेला नेऊन लगेच ऑपरेशन करू, निम्मे म्हणतात सुटलो, आता खानापूरलाच गोळ्या घेऊ. मला दोन्हींत घाई दिसते. बेळगावात एंडोस्कोपी विभागात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली, त्यावरून सांगते.

कॉक्स म्हणजे टीबी. आपल्याकडे टीबी म्हटलं की लोकांना छातीच आठवते, पण लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यात तो फार वेळा सापडतो, आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी असू शकतो. तिथे जखमा होतात, भिंत सुजते, वाट अरुंद होते. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज राहणारा आजार), अमीबाची गाठ, अपेंडिक्सभोवती जमलेला गोळा हेही त्याच जागी आणि सीटीवर कॅन्सरसारखेच. डावीकडे डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांची सूज, असाच फसवतो. सीटीवरून अंदाज बांधता येतो, निदान पक्कं होतं ते बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर.

म्हणून आधी बघा, तुकडे किती घेतले होते आणि कुठून. टीबीच्या गाठी बऱ्याचदा वरच्या अस्तराखाली असतात. वरवरचे दोन-तीन तुकडे गेले तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा ‘साधी सूज’ एवढंच लिहू शकतो. कॅन्सरही असाच निसटतो. गाठ लागतेय आणि वजन उतरतंय, अशा वेळी एका कोऱ्या रिपोर्टवर समाधान मानू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: परत कोलोनोस्कोपी करून जखमेच्या कडेचे आणि तळाचे मिळून आठ-दहा तुकडे घेता येतील का? जमलं तर लहान आतड्याच्या टोकाचेही.

आणि बाटल्या दोन हव्यात, हे मी कळकळीने सांगते. एक फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरी साध्या सलाईनची, टीबीच्या सीबीनॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला). फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग त्या तुकड्यावर कल्चर होत नाही. सांगितलं नाही तर सगळे तुकडे फॉर्मालिनमध्येच जातात, आणि पेशंटला परत पोट साफ करायचं औषध पिऊन यावं लागतं. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं होत नाही. कल्चरला मात्र सहा आठवडेही लागतात. आधीच्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला दाखवता येतात.

सीईए या कॅन्सरसाठी करतात त्या रक्ततपासणीवर फार विसंबू नका. सिगारेट ओढणाऱ्यांत, आतड्याच्या सुजेतही तो वाढतो, आणि कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतो.

टीबी आहे की नाही हे ठरण्याआधी क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. टीबी किंवा अमीबा असेल तर तो त्याने उसळतो. उलट, पुरावा अर्धवट असून डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केलीच, तर दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी ठरवूनच घ्या. टीबीच्या जखमा तोवर बऱ्यापैकी भरतात. भूक वाढली, बरं वाटतंय, एवढ्यावर ती टाळू नका. जखम तशीच असेल तर कॅन्सर, क्रोन्स किंवा औषधाला न जुमानणारा टीबी शोधावा लागतो.

टीबी निघाला तर कोर्स साधारण सहा महिन्यांचा, सरकारी औषधं फुकट. निदान मिरज-कोल्हापुरात झालं तरी निक्षय नोंदणी (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद) खानापूरच्या सरकारी दवाखान्याकडे वळवता येते, दर महिन्याला सीमेपलीकडे महाराष्ट्रात जायची गरज नाही. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, बँक पासबुक सोबत न्या.

या सगळ्यात बाबांचं पोट फुगलं, उलट्या लागल्या, शौच आणि वाराही सरेना झाला, तर रिपोर्टची वाट बघू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, बेळगाव जवळ पडेल.