मिरपुडीचा ग्राइंडर अडतो तेव्हा

प्रश्न : लाकडी ग्राइंडर उन्हाळ्यात छान चालला. पावसाळ्यात डोकं फिरतं, पण पूड पडत नाही. पाण्याने धुऊ का?
— वाचक, महाबळेश्वर

उत्तर : धुऊ नका. पाणी लाकडात मुरतं आणि पोलादी दाते गंजतात. तुमच्याकडे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. तो दमटपणा मिऱ्यांत शिरतो. सादळलेला दाणा फुटत नाही, चेपतो, आणि तेलकट चोथा दात्यांच्या फटींत लांबीसारखा बसतो.

वरची फिरकी काढून मिरे ताटात ओता. ग्राइंडर उलटा धरून खालचे दाते कोरड्या टूथब्रशने घासा. मग चमचाभर कोरडे कच्चे तांदूळ जाडसर दळा. आधी काळपट पीठ येईल. पांढरं येईपर्यंत दळा आणि ते टाकून द्या. मिरे मंद आचेवर दोन मिनिटं नुसते कोमट करा. भाजू नका, वास उडतो. पूर्ण गार झाल्यावरच भरा, तेही दोन तृतीयांशच. गच्च भरले तर दाणे एकमेकांत अडून खाली सरकत नाहीत.

आणखी एक सवय आजच मोडा : उकळत्या रश्शावर ग्राइंडर धरून दळणं. वाफ थेट दात्यांत जाते. पावसाळा नसतानाही ग्राइंडर अडतो तो बहुधा यानेच. वाटीत दळा, मग रश्शात घाला.

प्रश्न : पूड मध्येच जाड होते. आणि यातच खडेमीठ, हळकुंड दळलं तर?
— वाचक, सांगली

उत्तर : फिरकी आवळली की पूड बारीक, सैल केली की जाड. डोकं उलटसुलट फिरवलं तर फिरकी हळूहळू ढिली होते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा. फार आवळलीत तर मात्र दाते एकमेकांवर घासतात. डोकं जड लागलं की पाव फेरा सैल करा.

मीठ पोलादी दात्यांत घालूच नये. १८७४ पासून मिऱ्यांचे ग्राइंडर करणारी फ्रान्सची प्यूजो कंपनीही मिठाला आणि मिऱ्यांना वेगवेगळे दाते देते. सिरॅमिकचे दाते गंजत नाहीत, पण मिठासाठी ग्राइंडर वेगळाच ठेवा. लवंग तेलकट, दाते बुजवते. धणे चालतात. हळकुंड अजिबात नको : त्याचे तुकडे दात्यांत मावत नाहीत, जोर लावला तर दांडा वाकतो. सांगलीत हळद दळून देणाऱ्या गिरण्या आहेत, तिकडेच न्या.