शटर अडकलं? आधी हात मागे घ्या

पहिल्यांदा गॅरेजचं शटर अडकलं की सगळ्यांचीच तारांबळ उडते. गाडी आत, बाहेर खानापूरकडचा पाऊस आणि कामाची वेळ झालेली. घाबरू नका.

शटर एकाएकी जड झालं, वर ढकललं की धप्पकन खाली येतंय, तर वरच्या पाइपवरची स्प्रिंग तुटली समजा. शटरचं वजन तीच तोलून धरते. चार पोरं बोलावून उचलू नका. शिडी लावून बोल्ट सैल करणं तर अजिबात नाही. उरलेल्या स्प्रिंगा ताणात असतात, पान्यासकट हात फिरवतात. मी नवखा असताना अर्धवट उचललेल्या शटरखाली दगड लावून आत शिरलो. दगड सरकला, स्कूटरची सीट चपटी झाली. माझं डोकं वीतभर लांब होतं.

नुसतं घासत असेल तर बाजूचं चॅनेल, म्हणजे शटर ज्या खाचेत वर-खाली सरकतं ती पट्टी, बघा. पावसाळ्यात तिथं लाल मातीचा राडा बसतो. झाडून, पुसून घ्या. नवे लोक तिथं ग्रीस थापतात आणि धूळ आणखी चिकटते.

मिस्त्रीला फोनवरच विचारा:
- यायचे किती, रात्रीचे जादा किती?
- मजुरी वेगळी की सामानासकट?
- स्प्रिंग एक बदलणार की सगळ्या?

"आल्यावर बघू" म्हणणारा नको. रात्री शटर नुसतं बंद करून घ्या. पक्कं काम सकाळी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन ठिकाणी भाव विचारून. तुटकी स्प्रिंग मात्र मागून घ्या, मापाला लागते.

मोटर असेल तर आधी मेन स्विच बंद. बाकी मोटरचं पुढं बघू.